नगर–बीड–परळी रेल्वे: पैसा कोणाचा, गाडी कोणाची? मागणी नेमकी कुठं करायची?

बीड : जिल्ह्यात रेल्वे आली, आता पुढचे प्रश्न सुरू झालेत. फेऱ्या कधी वाढणार? परळीपर्यंत रूळ कधी पोहोचणार? जमिनीचा मोबदला अडला तर कुणाला विचारायचं? या मार्गाला राज्य सरकारचाही पैसा असल्यानं अनेकांचा गोंधळ होतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

मार्ग किती, झाला किती?
अहिल्यानगर ते परळी वैजनाथ हा मार्ग सुमारे 261 किलोमीटरचा आहे. मंजुरी 1995 च्या सुमारास मिळाली. 23 सप्टेंबर 2022 रोजी नगर ते आष्टी (66 किमी) डेमू गाडी सुरू झाली. पुढं 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बीडमधून नगरच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला. त्याआधी जिल्ह्यात रेल्वे म्हटलं की परळी आणि घाटनांदूर हीच नावं घेतली जायची. बीड शहराला रूळच नव्हता.

राज्याचा पैसा कशाला?
मूळ अंदाज साधारण 353 कोटींचा होता. काम रेंगाळलं आणि खर्च वाढत 4,805 कोटींवर गेला. राज्य सरकारनं निम्मा वाटा उचलायचं मान्य केलं, म्हणजे सुमारे 2,400 कोटी. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव आणि वडसा–गडचिरोली या मार्गांनाही राज्य निम्मा खर्च देतं. वर्धा–यवतमाळ–नांदेडला 40 टक्के.

मात्र हा पैसा मार्ग उभारण्यासाठी आहे. जमीन, पूल, रूळ, स्टेशनं त्यात येतात. गाडी चालवणं, डबे, वेळापत्रक आणि तिकीटदर हे सगळं रेल्वेच ठरवते. राज्यानं हप्ता भरला म्हणून फेरी आपोआप वाढत नाही, आणि हप्ता थकला तर पुढच्या टप्प्याचं काम रखडू शकतं.

कोणतं काम, कोणतं दार?
• जमिनीचा मोबदला, मोजणी : जिल्हाधिकारी कार्यालयातील भूसंपादन विभाग. सातबारा आणि नोटिशीची प्रत सोबत ठेवा.
• राज्याच्या वाट्याचा निधी : आमदार, पालकमंत्री. अर्थसंकल्पात तरतूद किती झाली आणि प्रत्यक्षात किती पैसे दिले, हे दोन्ही विचारा.
• फेऱ्या, वेळ, थांबा : मध्य रेल्वेचे विभागीय व्यवस्थापक, तसंच खासदार. रेल्वेची प्रवासी सल्लागार समिती असते, तिच्या सदस्यांकडंही निवेदन देता येतं.
• प्रवासातली तक्रार, चौकशी : 139.

निवेदनात नुसतं “गाडी वाढवा” लिहून भागत नाही. कोणत्या गावातून, किती वाजता, कशासाठी लोक जातात ते लिहा. कड्याचा विद्यार्थी कॉलेजच्या वेळेत नगरला पोहोचतो का? रायमोह्याचा पेशंट दवाखाना करून त्याच दिवशी परत येऊ शकतो का? आणि तिकीट काढूनच बसा. विक्रीचा आकडा हाच मागणीचा पुरावा असतो.

परळी जोडल्यावर काय बदलेल?
बीडच्या पुढं वडवणी, सिरसाळामार्गे परळीपर्यंत साधारण 95 किलोमीटरचा टप्पा आहे. तो जोडला गेला की लातूर, परभणी आणि हैदराबादकडची वाट थेट खुली होईल. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या या मार्गानं नेता येतील. तोवर हा मार्ग एका बाजूनं बंदच राहणार; पुणे-मुंबईला जायचं तर नगरला गाडी बदलायची.

त्यामुळं फेऱ्यांची मागणी रेल्वेकडं आणि परळी टप्प्याच्या निधीची मागणी राज्याकडं, अशा दोन्ही बाजू एकाच वेळी लावून धरायला हव्यात.

(निघण्यापूर्वी वेळ तपासा. रविवारी गाडी आहे का, हेही स्टेशनवर विचारून घ्या.)