जोहोरचा बांध आणि त्यापलीकडचें बेट

सिंगापूर हें स्वतःच एक बेट. तरीहि सुटी लागली कीं तेथील अनेक कुटुंबें विसाव्यासाठीं दुसऱ्या एका बेटाकडे निघतात. तें बेट म्हणजे मलायाच्या पूर्व किनाऱ्यापलीकडचें तिओमान. पण या प्रवासाचा पहिला टप्पा समुद्रांतला नव्हे, जमिनीवरचा आहे. जोहोरच्या सामुद्रधुनींतील दगडी बांध ओलांडतांना दोन्ही टोकांना तपासणी होते, आणि सुटीच्या दिवशीं तेथें लांबच लांब रांगा लागतात. एक किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची ही वाट बांधली गेली ती मात्र कोणास अडविण्यासाठीं नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आगगाडीचे डबे नौकांवर चढवून सामुद्रधुनीपार नेत असत. मलायांतील रबर आणि कथील यांचा व्यापार वाढला, तशी ही सोय अपुरी पडूं लागली. लोखंडी पुलाची देखभाल खर्चाची. ग्रॅनाइटचा दगड मात्र पुलाउ उबिन बेटावर व बुकित तिमा येथें जवळच मिळत होता. म्हणून पुलाऐवजीं बांध घालण्याचें ठरलें. १९१९ सालीं काम सुरू झालें, १९२३ मध्यें त्यावरून आगगाडी धावली, आणि २८ जून १९२४ रोजीं त्याचें रीतसर उद्घाटन झालें.

अठरा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं, तोंच बांध घालणाऱ्यांनींच तो फोडला. ३१ जानेवारी १९४२ रोजीं माघार घेणारें इंग्रजी सैन्य सिंगापुरांत शिरलें व मागें सुरुंगांचा स्फोट झाला. जपानी सैन्य त्यानें थांबलें नाहीं. ८ फेब्रुवारीच्या रात्रीं तें होड्यांतून उतरलें आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूर शरण गेलें. युद्धबंदी झालेल्यांत हजारों हिंदी सैनिक होते. त्यांतील अनेक जण पुढें आझाद हिंद सेनेंत गेले, आणि १९४३ च्या जुलैमध्यें सुभाषचंद्र बोस यांनीं तिचें नेतृत्व सिंगापुरांतच स्वीकारलें.

बांधाची डागडुजी झाली. पण त्याचें खरें रूपांतर शांततेच्या काळांत व्हावयाचें होतें. १९६३ सालीं सिंगापूर मलेशियांत सामील झालें आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजीं विभक्त झालें. १९६७ पासून पारपत्रांची तपासणी सुरू झाली. दगड तोच राहिला, रूळहि तेच राहिले. परंतु पलीकडच्या तीरावरचे आप्त आतां परदेशस्थ ठरले.

ही सीमा ओलांडल्यावर मर्सिंगपर्यंत सुमारें १३० किलोमीटरांची सडक आणि तेथून बोट. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत समुद्र खवळतो, तेव्हां बेटावरील वर्दळ ओसरते. एरवीं नारळीच्या सावलींत, प्रवाळांच्या उथळ पाण्यांत दिवस सुखानें जातात. गोड्या पाण्यासाठीं जुन्या काळचे अरब व चिनी दर्यावर्दी येथें थांबत.

तेथील लोककथा अशी कीं, चीनहून आपल्या प्रियकराकडे निघालेली एक नागकन्या वाटेंत येथें विसावली, या जागेवर लुब्ध झाली आणि स्वतःच बेट होऊन राहिली. ती निघाली होती सिंगापूरलाच. तिच्या वाटेवर चौकी नव्हती आणि तिला परतावयाचेंहि नव्हतें. सुटी संपलेला प्रवासी मात्र त्याच बांधावर, त्याच रांगेंत पुन्हां येऊन उभा राहतो.