घराचे नूतनीकरण : विजेच्या कामाची आखणी

रामबागेत किंवा जुन्या इंदुरात कुणाकडे नूतनीकरण निघाले की चर्चा फरशी, ओटा आणि रंगापासून सुरू होते. विजेचे काम 'वायरमन बघून घेईल' म्हणून मागे राहते. खरे तर ते सर्वांत आधी कागदावर यायला हवे. प्लास्टर झाल्यावर एक पॉइंट वाढवायचा म्हटले तरी भिंत फोडावी लागते.

सुरुवात वीजबिलापासून करावी. त्यावर 'स्वीकृत भार' छापलेला असतो. त्याशेजारी आपल्या उपकरणांची बेरीज मांडावी : दीड टनाचे दोन एसी मिळून ३ ते ३.५ किलोवॉट, गीझर २, इंडक्शन शेगडी २, पाण्याची १ एचपीची मोटर पाऊण, इस्त्री १. म्हणजे नऊच्या आसपास. सगळे एकदम चालत नाही हे खरे, पण जानेवारीतल्या सकाळी गीझर, शेगडी आणि मोटर एकत्र चालतातच. तेवढ्यानेच २३० व्होल्टवर २० अँपिअरच्या वर प्रवाह जातो. स्वीकृत भार कमी असेल तर काम सुरू होण्याआधीच वाढीचा अर्ज द्यावा.

लाकडी पट्टीवरच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या तारा ठेवून नवे बोर्ड बसवू नयेत. साधारणपणे दिवे-पंख्यांना १.५ चौ. मिमी, पॉवर पॉइंटला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौ. मिमीची तांब्याची तार घालतात. एसी आणि गीझर प्रत्येकाची लाइन डीबीपासून स्वतंत्र हवी. इन्व्हर्टरचे पॉइंटही आताच ठरवावेत आणि त्यांचा न्यूट्रल वेगळा ठेवायला सांगावे. तो दुसऱ्या लाइनमध्ये मिसळला की आरसीसीबी उगाच पडत राहतो.

आता अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंगची तार बरेचदा नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली आढळते. पुढे नळाचे पाइप प्लास्टिकचे झाले आणि ते अर्थिंग गेले. घरात कुणाला पत्ताही नाही. तीन पिनांचे सॉकेट दिसते, तिसऱ्या पिनेत काहीच नसते. गीझरच्या टाकीत गळती प्रवाह आला तर धोका न्हाणीघरात ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाला. म्हणून नवा अर्थिंगचा खड्डा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या दोन्ही गोष्टी घ्याव्यात. एमसीबी आहे ना, असे म्हणून भागत नाही. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो, एवढीशी गळती नाही. पैसे वाचवायचेच असतील तर शोभेच्या स्विचप्लेटमध्ये वाचवावेत.

अंदाजपत्रकात 'इलेक्ट्रिक काम, एकमुस्त रक्कम' अशी एकच ओळ असेल तर ते परत करावे. बँकेत आम्ही कर्जाच्या प्रकरणात असा कागद पुढे सरकू देत नसू. पॉइंटचा दर, पॉइंटांची संख्या, तारेचा ब्रँड व जाडी, डीबी आणि अर्थिंग वेगवेगळे लिहून घ्यावे. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि शेवटी टेस्ट रिपोर्ट मागावा.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीतील पाइपांचे, शेजारी टेप धरून, फोटो काढावेत. ते घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना मुलांना उपयोगी पडतात.