फेल झालेल्या टेस्टचा माग

ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासायचं आमचं काम सुरू झालं तेव्हा सगळं डोळ्यांदेखत व्हायचं. 2004 साली शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांच्याकडे कर्मचाऱ्यांचे तास आणि खर्च नोंदवणारं एक अंतर्गत अ‍ॅप्लिकेशन होतं. तेच ते क्लिक रोज हातानं करत बसायला नको म्हणून त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये जे लिहिलं, त्याचं पुढे सेलेनियम झालं. त्या पहिल्या सेलेनियममध्ये टेस्टचा तक्ता आणि तपासायची वेबसाइट एकाच ब्राउझरच्या खिडकीत असायची. तक्त्यात तीन रकाने: काय करायचं, कशावर करायचं, कोणती माहिती भरायची. एकेक ओळ पार पडली की हिरवी होई, अडली की लाल. लाल ओळ आणि ती जिथे अडली ते पान, दोन्ही समोरच. काय बिघडलं ते कुणाला विचारावं लागत नसे.

मी पुण्यात टेस्टिंगला लागले तेव्हा जपानच्या शिन्या कासातानी यांचं सेलेनियम आयडीई हे फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन सगळ्यांच्या हाताखाली होतं. रेकॉर्डचं बटण दाबा, साइटवर फिरा, स्क्रिप्ट तयार. तेव्हाच्या स्क्रिप्ट नाजूक होत्या, पानात जरा बदल झाला की मोडायच्या. पण मोडताना दिसायच्या. या धंद्याच्या इतिहासात मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण पुढच्या दहा वर्षांत आम्ही नेमकी तीच गमावली.

कारणं चांगलीच होती. सायमन स्टुअर्ट यांचं वेबड्रायव्हर सेलेनियममध्ये मिसळलं, 2011 मध्ये सेलेनियम 2 आलं आणि टेस्ट ब्राउझरच्या बाहेरून, पक्क्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायची पद्धत रुळली. त्याच वर्षी बिल्ड आपोआप चालवणाऱ्या हडसनचं नाव बदलून जेन्किन्स झालं आणि रात्री बिल्डसोबत सगळ्या टेस्ट चालवायची पद्धत आमच्या अंगवळणी पडत गेली. रात्रीच्या टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरना मॉनिटर नव्हता, म्हणून एक्सव्हीएफबीचा खोटा पडदा लावायचा. आरिया हिदायत यांच्या फँटमजेएस या ब्राउझरला तर पडद्याचीही गरज नव्हती. 2017 मध्ये क्रोम 59 पासून खुद्द क्रोमच हेडलेस, म्हणजे पडद्याविना, चालू लागला. टेस्ट हजारोंनी चालू लागल्या, पण त्या चालताना बघणारं कुणीच उरलं नाही.

सकाळी हाती काय यायचं? एलिमेंट सापडलं नाही, एवढी एक ओळ आणि खाली लांबलचक स्टॅक ट्रेस. शहाणी टीम असेल तर टेस्ट फेल झाल्या क्षणाचा स्क्रीनशॉट. पण स्क्रीनशॉट म्हणजे घटना घडून गेल्यावरचा पंचनामा. बटण का दाबलं गेलं नाही, सर्व्हरनं आधी काय उत्तर दिलं होतं, त्यातलं काहीच त्यात नाही. मग आम्ही एफएफएमपेगनं त्या खोट्या पडद्याचा व्हिडिओ घेऊ लागलो. व्हिडिओत पान हलताना दिसतं, पण बटण डिसेबल्ड होतं की नुसतंच राखाडी रंगाचं, हे व्हिडिओ सांगू शकत नाही.

पुराव्याच्या या दारिद्र्यानं आमच्या कामाची पत घालवली, असं माझं ठाम मत आहे. बग टाकला की डेव्हलपरचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, माझ्या मशीनवर तर चालतंय.” त्यावर दाखवायला टेस्टरजवळ काही नसायचं. मग टेस्ट पुन्हा चालवायची, पास झाली की विषय संपला. 2016 मध्ये गूगलनं स्वतःचे आकडे जाहीर केले: टेस्टच्या एकूण धावांपैकी सुमारे 1.5 टक्के धावांचा निकाल फ्लेकी, म्हणजे कोडमध्ये काही न बदलता कधी पास तर कधी फेल, आणि जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये हा दोष थोडाफार होताच. गूगलची ही गत, तर आमच्यासारख्यांनी लाल रिपोर्ट बघणंच सोडून दिलं यात नवल नाही.

उपायाचे तुकडे इकडेतिकडे होतेच. जो हेविट यांचं फायरबग 2006 पासून पानाच्या पोटातलं दाखवत होतं. नेटवर्कची देवाणघेवाण एचएआर फाइलमध्ये साठवता येत होती. 2017 च्या सुमारास सायप्रेस हे टेस्टिंगचं साधन आलं. त्यात डावीकडच्या यादीतल्या कुठल्याही पायरीवर माउस नेला की त्या क्षणाचं पान पुन्हा उभं राही. मला ते फार आवडलं. पण ती सोय आपल्या मशीनवर, टेस्ट समोर चालू असतानाची. रात्रीच्या सर्व्हरवरून तेव्हा हाती यायचे ते स्क्रीनशॉट आणि व्हिडिओच.

क्रोम कोडमधून चालवणाऱ्या पपेटिअर या लायब्ररीवर काम केलेली काही मंडळी मायक्रोसॉफ्टमध्ये गेली आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांचं प्लेराइट हे टेस्टिंगचं साधन आलं. जून 2021 च्या 1.12 आवृत्तीत त्याचा ट्रेस व्ह्यूअर आला. टेस्ट चालताना प्लेराइट एक झिप फाइल भरत जातं: प्रत्येक कृतीच्या आधीचा आणि नंतरचा डीओएम, म्हणजे पानाची रचना, नेटवर्कवरचं येणंजाणं, कन्सोल, लॉग, आणि ती कृती कोडच्या कोणत्या ओळीतून झाली ते. जिथे क्लिक झालं तिथे लाल ठिपका. मुख्य म्हणजे ते पानाचं चित्र नसतं, पानच असतं. डेव्हटूल्स उघडून त्यातलं एकेक एलिमेंट तपासता येतं.

आमच्याकडची एक बुकिंगची टेस्ट घ्या. महिन्याच्या एक तारखेच्या रात्री ती फेल व्हायची, सकाळी चालवली की पास. कित्येक महिने तिला फ्लेकी म्हणून सोडून दिलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या रात्रीचा ट्रेस उघडला. नेटवर्कमध्ये सर्व्हरनं आजची तारीख 1 ऑगस्ट दिलेली. टेस्टनं ती वाचून कॅलेंडरमधल्या 1 वर क्लिक करायचा प्रयत्न केलेला. क्लिकच्या आधीचं पान उघडलं, तर कॅलेंडरच्या माथ्यावर जुलै! लॉगमध्ये तीच तक्रार पुन्हा पुन्हा: एलिमेंट एनेबल्ड नाही, पुन्हा प्रयत्न. असं करत 30 सेकंद संपले. सर्व्हर भारतीय वेळेवर, टेस्टचं मशीन यूटीसीवर. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ब्राउझरच्या लेखी जुलैच चालू होता आणि 1 जुलै ही उलटून गेलेली, निवडता न येणारी तारीख. म्हणजे टेस्ट फ्लेकी नव्हतीच. भारताच्या पश्चिमेकडच्या देशात बसून महिन्याच्या शेवटच्या रात्री बुकिंग करणाऱ्या कुणालाही हाच अनुभव आला असता. मी ट्रेसची फाइल बगला जोडली. त्या बगवर “माझ्या मशीनवर चालतंय” असं कुणी लिहिलं नाही.

एका बाबतीत मात्र माझा प्लेराइटशी मतभेद आहे. नवा प्रोजेक्ट बनवला की त्याच्या कॉन्फिगमध्ये ऑन-फर्स्ट-रीट्राय लिहिलेलं येतं, म्हणजे टेस्ट एकदा फेल झाली की दुसऱ्या धावेचा ट्रेस घ्यायचा. वेळ आणि जागा वाचते, कबूल. पण खरोखर फ्लेकी टेस्ट दुसऱ्या धावेत पास होते आणि आपल्या हाती पास झालेल्या धावेचा ट्रेस येतो. जी धाव बघायची होती ती गेलीच. आमच्या टीममध्ये मी हट्टानं रिटेन-ऑन-फेल्युअर लावून घेतलं. त्यात प्रत्येक धाव नोंदली जाते आणि पास झालेल्यांच्या नोंदी टाकून दिल्या जातात. बिल्डला थोडा वेळ जास्त लागतो. शिवाय ट्रेसमध्ये कुकी, टोकन, टाइप केलेले पासवर्ड सगळं उतरतं, म्हणून टेस्टसाठी वेगळी खाती ठेवली आहेत आणि ट्रेसच्या फाइली टीमबाहेर पाठवायला मनाई आहे.