दिपवणाऱ्या दिव्यांची शंभर वर्षे

समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपतात ही तक्रार निदान विजेचा हेडलाइट आला तेव्हापासूनची आहे. त्याआधीच्या मोटारींवर ॲसिटिलीनचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा वायू त्यात जळे आणि त्याची ज्योत वाऱ्यापावसातही सहसा विझत नसे. १९१२मध्ये कॅडिलॅकने डायनॅमो, बॅटरी, सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र बसवलेली गाडी बाजारात आणली. पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. रस्ता लांबवर दिसू लागला, पण ज्याच्याकडे तो झोत वळे त्याला रस्ता दिसेनासा होई.

भर दुपारी कोणी हेडलाइट लावून आला तर त्याच्याकडे लक्षही जात नाही. रात्री तोच दिवा असह्य होतो. दिव्यात काहीच बदललेले नसते. डोळा उजेडाचे माप सुटे घेत नाही. भोवतालच्या उजेडाशी तुलना करून घेतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली विस्फारलेली असते आणि दृष्टिपटलाची संवेदनशीलता वाढलेली असते, त्यामुळे तीच प्रकाशतीव्रता त्याला कित्येक पट भासते. मात्र दिवा प्रखर भासणे आणि त्याच्यामुळे दुसरे काही न दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद नीट पकडायला १९२०चे दशक उजाडावे लागले.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनात हॉलडे यांनी १९२६मध्ये आणि इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत स्टाइल्स यांनी १९२९मध्ये या दुसऱ्या परिणामाची मोजणी मांडली. डोळ्यातली माध्यमे काचेसारखी स्वच्छ नसतात. डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, भिंग आणि खुद्द दृष्टिपटल यांच्यात थोडा प्रकाश विखुरतो आणि सगळ्या प्रतिमेवर पातळ धुक्यासारखा पसरतो. काळी वस्तू त्याने उजळते, उजळ वस्तूही तेवढीच उजळते आणि दोहोंतला सापेक्ष फरक मिटत जातो. रस्त्याकडेचा गडद कपड्यांतला माणूस दिसतो तो याच फरकामुळे. विखुरलेल्या प्रकाशाच्या या पडद्याची दीप्ती डोळ्यावर पडणाऱ्या उजेडाच्या सम प्रमाणात वाढते आणि दिवा नजरेच्या रेषेपासून जितका दूर, त्या कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोन अंशांवरच्या दिव्यापासून डोळ्यावर १ लक्स उजेड पडला, तर पडद्याची दीप्ती सुमारे २.५ कॅन्डेला प्रति चौरस मीटर भरते. चांगले दिवे असलेल्या शहरी रस्त्याची दीप्ती १ ते २च्या आसपास असते, म्हणजे डोळ्यातले धुके रस्त्यापेक्षाही उजळ ठरते. वयाबरोबर भिंग गढुळते आणि सत्तरीत हा पडदा तरुणपणाच्या सुमारे दुप्पट होतो. याच प्रयोगांच्या ओघात स्टाइल्स आणि त्यांचे सहकारी क्रॉफर्ड हे बाहुलीचे क्षेत्रफळ मोजू पाहत होते. बाहुलीच्या कडेने आत शिरणारा प्रकाश मध्यातून शिरणाऱ्यापेक्षा मंद भासतो, असे त्यांना त्यात आढळले. १९३३मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध आज त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

उपाय या मोजणीच्या आधीच सुरू झाले होते. अमेरिकेत १९१५च्या सुमारास झोत खाली वळवता येणारे दिवे आले, पण त्यासाठी चालकाला गाडीतून उतरावे लागे. खरा तोडगा जर्मनीत निघाला. १९२४मध्ये ओसरामने 'बायलक्स' बल्ब आणला, त्यात दोन तारा होत्या. लांबच्या झोताची तार परावर्तकाच्या नाभीवर असे. जवळच्या झोताची तार किंचित पुढे असे आणि तिच्याखाली धातूची लहानशी वाटी बसवलेली असे. नाभीपुढच्या तारेचा प्रकाश परावर्तकाच्या वरच्या अर्ध्यावर आपटून खाली जातो आणि खालच्या अर्ध्यावर आपटला तर वर जातो. वाटीने नेमका हा वर जाणारा भाग अडवला.

भारतात लोकांनी अडवण्याचीच दुसरी रीत काढली: हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवायचा. ट्रक, बस आणि टॅक्सींवर हे काळे पट्टे अनेक दशके दिसत. दिसायला युक्ती बायलक्सचीच आहे, पण गुण तसा येत नाही. नाभीवरच्या तारेचा प्रकाश परावर्तकाच्या कुठल्याही भागावरून जवळजवळ एकाच दिशेने बाहेर पडतो. काचेचा वरचा भाग झाकला की सगळा झोत मंद होतो, वळत मात्र नाही. समोरच्याला थोडा आराम पडतो आणि चालकाचाही रस्ता तेवढाच अंधारतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रश्न दिशेचाच धरला आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवू नये, किंवा चालकाला तो खाली वळवता यावा, असे ते सांगतात. ट्रकच्या मागे 'रात्री डिपर वापरा' असे रंगवण्याची प्रथाही त्याच अपेक्षेची.

फ्रान्सने रंगाचा मार्ग धरला. तिथे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे झाले आणि युरोपीय नियम एक होईपर्यंत, म्हणजे १९९३पर्यंत, ते टिकले. पिवळ्या काचेने निळसर भाग गाळला जातो आणि त्याबरोबर एकूण उजेडही काहीसा घटतो. त्यामुळे दिवा सुसह्य वाटला तरी डोळ्यातला पडदा रंगामुळे किती कमी झाला आणि उजेड घटल्यामुळे किती, हे सांगणे कठीण होते. अमेरिकेत एडविन लँड यांनी स्वस्त ध्रुवक (पोलरायझर) कागद तयार केला तोच मुळी हेडलाइटसाठी. दिव्यावर आणि चालकापुढे ४५ अंशांत तिरपे ध्रुवक बसवले, की समोरून येणाऱ्याचे ध्रुवक आपल्याला काटकोनात पडतात आणि त्याचा झोत गळून जातो. सगळ्या उपायांत हाच सर्वांत देखणा. पण ध्रुवक निम्म्याहून जास्त प्रकाश गिळतो, आणि सगळ्या गाड्यांवर एकदमच तो बसल्याशिवाय कोणाचाच फायदा नाही. मोटार कंपन्यांनी तो स्वीकारला नाही आणि लँड यांच्या पोलरॉइड कंपनीचे नाव गॉगल व कॅमेऱ्यांमुळे घरोघर पोहोचले.

१९५७मध्ये युरोपात असमान झोत रुजू झाला: समोरच्या गाडीच्या बाजूला खाली कापलेला, आपल्या कडेला वर चढणारा. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून इथे तो डावीकडे चढतो. चौपदरी महामार्गांच्या दुभाजकांवर लावलेली कण्हेर आणि बोगनवेल हाही झोत अडवण्याचाच उपाय आहे, पण दुपदरी रस्त्यांना त्याचा उपयोग नाही.

१९९१मध्ये झेनॉन आणि २००६नंतर एलईडी दिवे आले तेव्हा तक्रारीने नवे वळण घेतले. उजेड तेवढाच असला तरी तो लहान जागेतून आणि निळसर येतो, आणि असा दिवा डोळ्याला अधिक बोचतो. न दिसणे त्या मानाने फारसे वाढत नाही, वाढतो तो त्रास. त्यामुळे नियमातली मोजमापे पाळलेला दिवाही समोरच्याला नकोसा वाटू शकतो. २०१३मध्ये आउडीने मॅट्रिक्स एलईडी आणले. त्यात कॅमेरा समोरची गाडी हेरतो आणि झोतातला तेवढाच तुकडा विझवतो. अमेरिकेने अशा दिव्यांना २०२२मध्ये परवानगी दिली.