वेधशाळेची स्थाननिवड : उपग्रहीय मेघनोंदी

दुर्बिणीसाठी डोंगर निवडताना वर्षाकाठी किती रात्री निरभ्र मिळतील, याचा अंदाज हवामान-उपग्रहांच्या नोंदींवरून बांधण्याची पद्धत. पूर्वी शिखरावर माणूस ठेवून रोज रात्री आकाश नोंदवावे लागे. आता अनेक शिखरांची काही वर्षांची माहिती एकदम पडताळता येते.

रात्री भिस्त अवरक्त किरणांवर असते. सुमारे ११ मायक्रोमीटर तरंगलांबीला जमीन उबदार, तर उंच ढग थंड दिसतो, ६.७ मायक्रोमीटरजवळच्या पट्ट्यात वरच्या थरांतील बाष्प कळते. सुमारे ३६,००० किमी. उंचीवरचे भूस्थिर उपग्रह एकाच प्रदेशावर सतत नजर ठेवतात. टेरा (१९९९) व अ‍ॅक्वा (२००२) यांवरील मोडिस हे उपकरण अधिक बारीक पाहते, पण ठरावीक वेळीच.

घोळ होतो तो जमिनीमुळे. लडाखमधील हानले येथे (सु. ४,५०० मी.) हिवाळ्यात जमीनच इतकी गारठते की ती ढग भासते, दिवसा बर्फही ढगाइतकाच पांढरा. कॅनरी बेटांतील ला पाल्मावर उलटा प्रकार. तेथे ढगांचा थर बहुधा सु. २,४०० मी. उंचीच्या शिखराखालीच अडकतो. उपग्रहाच्या नोंदीत ‘ढगाळ’, वर दुर्बिणीपाशी लख्ख चांदणे. म्हणून ढगमाथ्याचे तापमान शिखराच्या उंचीवरील हवेच्या तापमानाशी ताडून पाहावे लागते. (सह्याद्रीतील पावसाळी रात्री वाया जातात, हे सांगायला मात्र उपग्रह लागत नाही.)

हवेच्या खळबळीने ताऱ्याची प्रतिमा किती थरथरते, हे या नोंदींतून कळत नाही. ते जागेवर छोटी दुर्बीण लावूनच मोजतात.