घरी राहिलेला मतदार

निवडणुकांचा इतिहास आपण बहुधा विजेत्यांच्या बाजूने वाचतो. मतदार किती आले, हा प्रश्न मागेच राहतो. मार्च १९७७ मध्ये मतदान झाले तेव्हा आणीबाणी औपचारिकरीत्या उठलीही नव्हती. तरीही सुमारे ६०.५ टक्के मतदारांनी मत दिले आणि खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. पुढे जनता पक्ष फुटला. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले चरणसिंग लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परतल्या, हे सर्वांना आठवते. मतदान मात्र ५७ टक्क्यांवर घसरले होते, हे क्वचितच सांगितले जाते. त्यांच्या हत्येनंतर, १९८४ च्या अखेरीस, तेच प्रमाण ६३ टक्क्यांपलीकडे गेले.

या चढउताराला निव्वळ उदासीनता म्हणणे मला पटत नाही. १९७७ साली आपल्या मताने सत्ता बदलते, हे मतदाराने अनुभवले. त्या मताचे पुढे काय झाले, हेही त्याने तीन वर्षांच्या आत पाहिले. १९८० साली घरी राहिलेल्यांपैकी काहींचे मौन हा त्यावरचा अभिप्रायच असावा. निकालात त्याची नोंद होत नाही. इतिहासलेखनात तरी ती व्हायला हवी.