येरवड्याचे मनोरुग्णालय आणि बालविकासाची उशिरा आलेली दखल

मुळा-मुठेपलीकडील येरवड्याची ओळख महाराष्ट्रात मुख्यतः कारागृह आणि मनोरुग्णालय या दोन शासकीय संस्थांमुळे घडली. यांपैकी मनोरुग्णालयाचा संबंध विकासात मागे राहिलेल्या बालकांच्या इतिहासाशीही पोहोचतो. कारण १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्याने जन्मतः बुद्धीची वाढ खुंटलेली व्यक्ती आणि पुढे मानसिक आजार जडलेली व्यक्ती या दोघींना एकाच व्याख्येत बसवले होते. अशा मुलाच्या शिक्षणाविषयी तो कायदा काहीच बोलत नव्हता, मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने त्याला मनोरुग्णालयात ठेवण्याची वाट त्याने मोकळी ठेवली होती. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला, तेव्हा मतिमंदत्व या व्याख्येतून वगळले गेले.

पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’सारखी विशेष शाळा उभी राहिली खरी, परंतु शाळा म्हटली की मूल शाळेच्या वयाचे झालेले असते. शीघ्र हस्तक्षेप, म्हणजे वाढीतील विलंब दिसताच व्यायामोपचार, खेळ व वाचोपचार सुरू करून पालकांनाही त्यात तरबेज करणे, हा विचार त्याआधीच्या वयाचा आहे; मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक वेगाने होते, हा त्याचा आधार. ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ या घरगुती दिलाशात नेमकी हीच वर्षे निघून जातात.

या दृष्टीने रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात १९७९ साली सुरू झालेले बालविकास केंद्र महत्त्वाचे ठरते. त्याच रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. मोजमापाचे साधन बडोद्यातून आले: प्रमिला फाटक यांनी तेथील बालकांवरून भारतीय अर्भकांसाठी विकासमापनश्रेणी प्रमाणित केली. मान धरणे, वस्तू पकडणे, आवाजाकडे वळणे अशा ६७ कारक आणि १६३ मानसिक बाबींवरून तिच्यात अडीच वर्षांपर्यंतच्या बालकाची प्रगती ठरवतात. परदेशी मापांनी आपली मुले मोजण्याची सवय मोडणारे हे काम होते, आणि त्याचे मोल अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने धोक्यातील बालके शोधण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याचे बंधन शासनावर घातले, तेही आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. त्यासाठी अंगणवाड्या व शाळांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा मात्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या रूपाने फेब्रुवारी २०१३ मध्ये, पालघर येथे सुरू झाली; जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चारही बाबी तिच्या कक्षेत आल्या, आणि संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय झाली. रास्ता पेठेतील केंद्र आणि हा कार्यक्रम यांच्यात ३४ वर्षांचे अंतर आहे, आणि ते ज्ञानाच्या अभावापेक्षा प्रशासकीय अनास्थेनेच अधिक वाढवले.